मॉड्यूलर जावा ॲप्लिकेशनमध्ये डिपेन्डन्सी इंजेक्शन: कुठे काय वापरायचं?

नवा जावा प्रोजेक्ट सुरू झाला की पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारतं, ‘स्प्रिंगच घ्यायचं ना?’ आणि बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. एकाच जारमध्ये मावणाऱ्या ॲप्लिकेशनसाठी त्यात फारसं बिघडतही नाही. पण प्रत्येक भागाला स्वतःची मॉड्यूल-इन्फो फाईल आहे, कुठलं पॅकेज बाहेर दिसणार आणि कुठलं नाही हे कंपाइलर बघतोय, अशा तऱ्हेने ॲप्लिकेशन बांधायचं असेल, तर घाईत निवडलेला कंटेनर (म्हणजे स्प्रिंगसारखं, ऑब्जेक्ट्स बनवून एकमेकांना जोडून देणारं साधन) त्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतो. सीमा कागदावर राहतात आणि प्रत्यक्षात सगळी दारं सताड उघडी असतात.

हा लेख जावा येणाऱ्या, पण मॉड्यूल सिस्टिमशी नव्याने गाठ पडलेल्यांसाठी आहे.

आधी भांडण कशाचं आहे ते बघू

डिपेन्डन्सी इंजेक्शन ही मुळात साधी गोष्ट आहे. एखाद्या क्लासला लागणारी दुसरी ऑब्जेक्ट्स त्याने स्वतः ‘न्यू’ करून बनवायची नाहीत. बाहेरून कुणीतरी ती त्याच्या हातात द्यायची. हा ‘कुणीतरी’ म्हणजे तुम्ही स्वतः लिहिलेला कोड असू शकतो, रनटाइमला चालणारा कंटेनर असू शकतो किंवा कंपाइल करताना तयार झालेला कोड असू शकतो. निवड या तिघांतच आहे. बाकी सगळी नावं याच तीन खणांत बसतात.

अडचण काळाची आहे. स्प्रिंगची १.० आवृत्ती २००४ ची. गूगलने गुइस हा आपला कंटेनर खुला केला २००७ मध्ये. ‘इन्जेक्ट’, ‘सिंगलटन’, ‘नेम्ड’ ही सामाईक ॲनोटेशन्स ठरवणारं जेएसआर ३३० हे जावाचं मानक आलं २००९ मध्ये. जावाची मॉड्यूल सिस्टिम मात्र जावा ९ बरोबर, म्हणजे सप्टेंबर २०१७ मध्ये उतरली. तोपर्यंतच्या बहुतेक कंटेनरांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: क्लासपाथवरच्या कुठल्याही क्लासपर्यंत रिफ्लेक्शनने (म्हणजे प्रोग्राम चालू असताना क्लासच्या आत डोकावून) पोहोचता येतं, अगदी प्रायव्हेट फील्डमध्येही हात घालता येतो.

मॉड्यूल सिस्टिमने नेमकं हेच बंद केलं. तुमच्या मॉड्यूलने ‘ओपन्स’ लिहून पॅकेज उघडून दिलं नसेल, तर कंटेनरला प्रायव्हेट फील्डपर्यंत जाता येत नाही आणि ‘इनॲक्सेसिबल ऑब्जेक्ट एक्सेप्शन’ अंगावर येतो. जावाच्या स्वतःच्या आतल्या पॅकेजेसच्या बाबतीत काही वर्षं सवलत होती. जावा १६ ने ती मुळातच आवळली आणि जावा १७ ने सवलतीचा स्विचही काढून टाकला. तुमच्या स्वतःच्या मॉड्यूलांना मात्र ही शिस्त जावा ९ पासूनच लागू आहे.

त्यामुळे ‘कुठला कंटेनर?’ असं विचारण्याआधी प्रश्न दोन भागांत तोडा. एका मॉड्यूलच्या आतली ऑब्जेक्ट्स एकमेकांना कशी जोडायची? आणि दोन मॉड्यूलांच्या मधली जोडणी कशी करायची? या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी असू शकतात, आणि माझ्या मते बहुतेक ठिकाणी ती वेगळीच असायला हवीत.

हाताशी एक उदाहरण

गावातल्या दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर घेऊ. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मोजतं, त्यावरून लिटरचा दर ठरतो आणि दहा दिवसांनी बिल निघतं. गाईच्या दुधासाठी फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ हा पाया धरतात. त्याच्या वर-खाली गेलं की दर वाढतो किंवा कापला जातो. किती कापायचा, हे प्रत्येक संघाच्या दरपत्रकावर अवलंबून. म्हणजे केंद्राचं सॉफ्टवेअर एकच, दरपत्रकं अनेक, आणि उद्या नवा संघ आला तर मूळ कोडला हात न लावता त्याचं दरपत्रक आत सरकवता आलं पाहिजे. मॉड्यूलची खरी गरज असते ती अशा ठिकाणी.

पायरी १: मॉड्यूल आधी, कंटेनर नंतर

कागद घ्या आणि मॉड्यूलं मांडा. आपल्या उदाहरणात ‘करार’ नावाचं एक मॉड्यूल असेल. त्यात इंटरफेसेस आणि साधे डेटा क्लास, दुसरं काही नाही: दरपत्रक, नोंदवही, निरोप. ‘देयक’ मॉड्यूल बिलं काढेल, ‘साठवण’ डेटाबेसशी बोलेल, ‘एसएमएस’ शेतकऱ्याला निरोप धाडेल, प्रत्येक संघाच्या दरपत्रकाचं वेगळं मॉड्यूल असेल आणि सगळ्यांना एकत्र आणून ॲप्लिकेशन सुरू करणारं ‘मुख्य’.

आता बाण काढा. देयककडून करारकडे बाण चालतो. देयककडून साठवणकडे गेला, तर चित्र चुकलंय. मॉड्यूल-इन्फोमधल्या ‘रिक्वायर्स’ ओळी या बाणांचीच नक्कल असतात, आणि त्यांचं वर्तुळ झालं तर कोड कंपाइलच होत नाही. नवख्या माणसाला हे जाचक वाटतं. पण डिपेन्डन्सी इंजेक्शनमधली सर्वांत चिवट डोकेदुखी, म्हणजे ‘अ’ला ‘ब’ हवा आणि ‘ब’ला ‘अ’, ती निदान मॉड्यूलांच्या पातळीवर इथेच संपते.

दोन मॉड्यूलांमध्ये एकाच नावाचं पॅकेज ठेवू नका. क्लासपाथवर ते खपत होतं, मॉड्यूल-पाथवर खपत नाही.

पायरी २: कन्स्ट्रक्टर लिहा आणि हातानेच जोडा

पुढे काहीही निवडा, आत्ता एक नियम पाळा: क्लासला जे लागतं ते कन्स्ट्रक्टरमधूनच घ्यायचं. बिलसेवा नावाच्या क्लासला दरपत्रक, नोंदवही आणि निरोप लागतात, तर कन्स्ट्रक्टरला तीन पॅरामीटर आणि तीन फायनल फील्ड. फील्डवर ॲनोटेशन चिकटवून ‘कंटेनर भरेल’ म्हणायचं नाही. फील्ड इंजेक्शन दिसायला आटोपशीर असतं, पण प्रायव्हेट फील्ड भरायला रिफ्लेक्शन लागतं, रिफ्लेक्शनला उघडं पॅकेज लागतं, आणि टेस्टमध्ये ते ऑब्जेक्ट कंटेनरशिवाय नीट बनवताही येत नाही. कन्स्ट्रक्टर असेल तर टेस्टमध्ये खोटं दरपत्रक हातात द्यायचं, झालं.

मग ‘मुख्य’ मॉड्यूलच्या मेन मेथडमध्ये, किंवा तिच्या शेजारच्या एका क्लासमध्ये, सगळी जोडणी स्वतः लिहा. आधी नोंदवही बनवा, मग दरपत्रक आणि निरोप, मग ते तिन्ही देऊन बिलसेवा. कुणाला काय मिळतं ते एका नजरेत दिसतं. कंपाइलर तपासतो. डीबगरमध्ये ओळीमागून ओळ जाता येतं.

‘एवढं हाताने कोण लिहीत बसणार?’ असं विचारणारे भेटतील. तीस-चाळीस ऑब्जेक्ट्सपर्यंत ही एक वाचनीय फाईल असते आणि ती बदलायला फार वेळ लागत नाही. ऑब्जेक्ट्स त्याहून वाढली, तरी प्रत्येक मॉड्यूलने आपापली जोडणी एका फॅक्टरी क्लासमध्ये ठेवली तर मुख्य फाईल लहानच राहते. कित्येक लायब्ररी, कमांड-लाइन टूल आणि डेस्कटॉप ॲप्लिकेशनना याच्यापुढे जायची गरजच पडत नाही. तुमचं काम इथेच भागत असेल, तर थांबा. फ्रेमवर्क नंतरही आणता येतं. कन्स्ट्रक्टर नीट असले की ते बदल सोपे जातात.

पायरी ३: मॉड्यूलांच्या मध्ये सर्व्हिसलोडर

हाताने जोडताना एक अडचण उरते. मुख्य मॉड्यूलला प्रत्येक संघाच्या दरपत्रकाचा क्लास नावाने ठाऊक असावा लागतो. नवा संघ आला की मुख्यमध्ये बदल. इथे जावाचं स्वतःचं साधन कामाला येतं: सर्व्हिसलोडर. तो जावा ६ पासून आहे, पण मॉड्यूल सिस्टिमने त्याला भाषेतच जागा दिली. दरपत्रक देणाऱ्या मॉड्यूलची फाईल साधारण अशी दिसेल (कीवर्ड इथे देवनागरीत दाखवलेत, प्रत्यक्ष फाईलीत ते नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायचे):

मॉड्यूल दर.संघ {
    रिक्वायर्स करार;
    प्रोव्हाइड्स करार.दरपत्रक विथ दर.संघ.संघदर;
}

यात ‘एक्स्पोर्ट्स’ची ओळ नाही, हे बघा. संघदर हा क्लास पब्लिक असावा लागतो, पण त्याचं पॅकेज बाहेर दाखवावं लागत नाही. मुख्य मॉड्यूलने आपल्या फाईलीत ‘युजेस करार.दरपत्रक’ लिहायचं आणि सर्व्हिसलोडरकडून मिळतील ती दरपत्रकं घ्यायची. ‘युजेस’ विसरलात तर चालवताना सर्व्हिस कॉन्फिगरेशनची एरर येते. जार मॉड्यूल-पाथवर ठेवला की नवं दरपत्रक आत, काढला की बाहेर.

सर्व्हिसलोडरची मर्यादाही समजून घ्या. तो ऑब्जेक्ट बनवतो, पण त्या ऑब्जेक्टला लागणाऱ्या गोष्टी पुरवत नाही. एक तर पॅरामीटर नसलेला पब्लिक कन्स्ट्रक्टर हवा, नाहीतर ‘प्रोव्हायडर’ नावाची पब्लिक स्टॅटिक मेथड, जी तयार ऑब्जेक्ट परत देईल. दरपत्रकाला डेटाबेसमधले जुने दर लागत असतील तर काय? तेव्हा थेट दरपत्रक न मागता ‘दरपत्रक बनवणारा’ असा फॅक्टरी इंटरफेस करारमध्ये ठेवा. सर्व्हिसलोडर फॅक्टरी शोधून देईल आणि मुख्य मॉड्यूल त्या फॅक्टरीच्या मेथडला नोंदवही देऊन दरपत्रक बनवून घेईल. हा एक जास्तीचा इंटरफेस सुरुवातीला निरर्थक वाटतो, पण सर्व्हिसलोडर आणि कन्स्ट्रक्टर यांचा सांधा इथेच जुळतो. मॉड्यूलच्या आत फॅक्टरीने काहीही वापरावं, हाताची जोडणी किंवा डॅगर (जोडणीचा कोड लिहून देणारं साधन, पायरी ४ मध्ये येईल). बाहेरच्याला पत्ताही लागत नाही.

आणखी एक. सर्व्हिसलोडरचं एकच ऑब्जेक्ट अनेक थ्रेडमधून वापरणं सुरक्षित नाही. सुरुवातीलाच एकदा सगळे प्रोव्हायडर गोळा करा, साध्या यादीत ठेवा आणि ती यादी पुढे द्या.

पायरी ४: मॉड्यूलच्या आत कंटेनर हवाच असेल तर

देयकसारखं एखादं मॉड्यूल फुगतं. शंभर-दीडशे क्लास, प्रत्येक विनंतीला नवी ऑब्जेक्ट्स, काही सिंगलटन, काही नाहीत. तेव्हा हाताची जोडणी कंटाळवाणी होते आणि कंटेनरचा विचार रास्त ठरतो.

मॉड्यूलर ॲप्लिकेशनसाठी मी आधी कंपाइल-टाइम पर्याय बघेन. डॅगर हे त्यातलं जुनं नाव. स्क्वेअर कंपनीने सुरू केलं आणि दुसरी आवृत्ती गूगलकडे आली. ॲनोटेशन प्रोसेसर कंपाइल होतानाच जोडणीचा कोड लिहितो, आणि तो तुमच्या क्लासच्याच पॅकेजमध्ये लिहितो. त्यामुळे पॅकेजपुरतेच दिसणारे कन्स्ट्रक्टरही चालतात आणि ‘ओपन्स’ लिहावं लागत नाही. एखादी डिपेन्डन्सी पुरवायची राहिली तर बिल्डच फुटतो, दुपारी दोन वाजता ग्राहकाकडे नाही. एरर मेसेज मात्र लांबलचक असतात, त्याची सवय करावी लागते.

डॅगर वापरताना एक चूक टाळा: सगळ्या ॲप्लिकेशनचा एकच कंपोनंट (डॅगरमधला जोडणी करून देणारा इंटरफेस) मुख्य मॉड्यूलमध्ये बनवू नका. तो तयार केलेला कोड प्रत्येक मॉड्यूलच्या आतल्या क्लासकडे बोट दाखवतो, मग ती पॅकेजं ‘एक्स्पोर्ट’ करावी लागतात आणि सीमा गेल्याच. मॉड्यूलमागे एक कंपोनंट ठेवा आणि बाहेर करारातला इंटरफेसच द्या.

गुइस रनटाइमला चालतं. हलकं आहे, शिकायला सोपं आहे, आणि त्यातलं प्रायव्हेट मॉड्यूल आतल्या बाइंडिंग्ज (कुठल्या इंटरफेसला कुठला क्लास द्यायचा या नोंदी) लपवायला उपयोगी पडतं. मात्र गुइस आणि डॅगर ज्याला ‘मॉड्यूल’ म्हणतात त्याचा मॉड्यूल-इन्फोशी काही संबंध नाही. ते नुसते बाइंडिंग सांगणारे क्लास असतात. टीममध्ये बोलताना हा घोळ हमखास होतो. गुइससाठी इंजेक्शन होणारी पॅकेजं त्याच्याच मॉड्यूलसाठी उघडा, सगळ्या जगासाठी नाही: ‘ओपन्स … टू’ एवढ्याचसाठी आहे.

मायक्रोनॉट आणि क्वार्कस हे सर्व्हर बाजूचे पर्याय. दोन्ही बरंचसं काम बिल्डच्या वेळीच उरकतात, म्हणून ग्राल व्हीएमने नेटिव्ह इमेज (जावाशिवाय थेट चालणारी फाईल) करायची असेल तर ते सोयीचे पडतात. पण तुम्ही तेव्हा इंजेक्शनची लायब्ररी निवडत नसता, अख्खं फ्रेमवर्क निवडत असता.

पायरी ५: स्प्रिंग ठरलेलंच असेल तर

पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांमध्ये ही निवड बऱ्याचदा तुमच्या हातात नसते, त्यामुळे याबद्दल सविस्तर.

स्प्रिंग ५ आणि ६ चे जार ‘ऑटोमॅटिक’ मॉड्यूल आहेत. मॅनिफेस्टमध्ये नाव आहे, स्वतःची मॉड्यूल-इन्फो नाही. म्हणजे ‘रिक्वायर्स’ लिहून ते वापरता येतात, पण जेलिंक (लागतील तेवढीच मॉड्यूलं घालून रनटाइम बनवणारं जावाचं टूल) त्यांना घेत नाही. छोटी, स्वतंत्र रनटाइम इमेज बनवून केंद्रावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकायची असेल, तर इथेच गाडी अडते.

त्यातूनही वापरायचं असेल तर कॉम्पोनंट स्कॅनिंगच्या (ॲनोटेशन लावलेले क्लास स्प्रिंगने आपणच शोधण्याच्या) मोहात पडू नका. एक कॉन्फिगरेशन क्लास लिहा आणि त्यातल्या बीन मेथडमध्ये (बीन म्हणजे स्प्रिंग सांभाळतं ते ऑब्जेक्ट) स्वतः ‘न्यू’ करून ऑब्जेक्ट परत द्या. मग स्प्रिंगसाठी उघडावं लागतं ते त्या एका कॉन्फिगरेशनचं पॅकेज; तुमचे बाकीचे क्लास बंद राहतात आणि त्यांच्यावर स्प्रिंगचं एकही ॲनोटेशन नसतं. ‘प्रॉक्सी बीन मेथड्स’ फॉल्स ठेवा, म्हणजे स्प्रिंग त्या क्लासचा सबक्लास तयार करायच्या भानगडीत पडत नाही. तसं केल्यावर एका बीन मेथडमधून दुसरीला हाक मारू नका. लागेल ते पॅरामीटर म्हणून घ्या, नाहीतर एकाच बीनची दोन ऑब्जेक्ट्स तयार होतील.

ट्रान्झॅक्शनसारख्या सोयींसाठी स्प्रिंग प्रॉक्सी बनवतं, म्हणजे तुमच्या ऑब्जेक्टच्या पुढे उभं राहणारं दुसरं ऑब्जेक्ट. तिथे इंटरफेसवर आधारलेल्या प्रॉक्सी वापरा. सबक्लासवाल्या घेतल्या की ते पॅकेजही उघडायची पाळी येते.

आणि खरंच सांगायचं तर वेब, डेटाबेस, सिक्युरिटी असं सगळं स्प्रिंग बूटवरच उभं असेल, तर मॉड्यूल-इन्फोसाठी झगडण्यात मला राम वाटत नाही. त्याऐवजी स्प्रिंग मॉड्यूलिथ बघा. २०२३ मध्ये त्याची १.० आली. ते पॅकेजच्या पातळीवर मॉड्यूल धरतं आणि कुणी दुसऱ्याच्या आतल्या क्लासला हात लावला तर टेस्ट नापास करतं. कंपाइलरइतकं कडक नाही, पण स्प्रिंगच्या प्रवाहाविरुद्ध पोहावं लागत नाही.

पायरी ६: खरंच मॉड्यूल म्हणून चालतंय का, ते तपासा

ही पायरी सर्वांत जास्त वेळा राहून जाते. ‘जावा’ कमांडला ‘जार’ पर्याय देऊन ॲप्लिकेशन सुरू केलं की तो जार क्लासपाथवर जातो. मॉड्यूल-इन्फो आहे, पण तिच्याकडे कुणी बघतच नाही; सगळे क्लास एका बिननावाच्या मॉड्यूलमध्ये पडतात. स्प्रिंग बूटच्या एकत्र बांधलेल्या जारचंही तेच होतं. लक्षण ठरलेलं: आयडीईमध्ये दरपत्रक सापडतं, केंद्रावर सापडत नाही. कारण क्लासपाथवर सर्व्हिसलोडर ‘प्रोव्हाइड्स’ वाचत नाही, तो मेटा-इन्फ फोल्डरमधल्या सर्व्हिसेसच्या फाईली वाचतो. आणि तिथे स्टॅटिक ‘प्रोव्हायडर’ मेथडही चालत नाही, साधा कन्स्ट्रक्टरच लागतो.

खात्री करायची सोपी युक्ती: मेन क्लासकडून त्याचं मॉड्यूल मागा आणि त्याला नाव आहे का ते लॉगमध्ये छापा. नाव नसेल तर सुरू करणारी स्क्रिप्ट बदला, मॉड्यूल-पाथ द्या आणि मॉड्यूलच्या नावाने ॲप्लिकेशन सुरू करा. कुठलं मॉड्यूल कुणामुळे आत आलं हे बघायला जावाचा ‘शो मॉड्यूल रिझोल्यूशन’ पर्याय आहे. दोन्ही पद्धतींनी चालवायचं असेल, तर मॉड्यूल-इन्फो आणि मेटा-इन्फ अशा दोन्ही ठिकाणी नोंद ठेवा.

जेलिंकचा एक सापळा वेगळा सांगायला हवा. तो ‘रिक्वायर्स’चे बाण धरून मॉड्यूलं गोळा करतो, ‘प्रोव्हाइड्स’ करणारी मॉड्यूलं आपोआप घेत नाही. संघाच्या दरपत्रकाकडे कुणाचाच ‘रिक्वायर्स’ नसतो, तो नसावा म्हणूनच तर हा खटाटोप, आणि त्यामुळे इमेजमधून नेमकं तेच गळतं. ‘बाइंड सर्व्हिसेस’ पर्याय दिला तर येतं, पण त्याबरोबर जावाची स्वतःची बरीच मॉड्यूलंही येतात आणि इमेज फुगते. हवी ती दरपत्रक मॉड्यूलं ‘ॲड मॉड्यूल्स’मध्ये नावाने लिहिणं बरं.

एखादं दरपत्रक गळलं तर कंपाइलर काही बोलणार नाही, सर्व्हिसलोडरही गप्प रिकामी यादी देईल. म्हणून मेनच्या सुरुवातीला, यादी गोळा केल्याबरोबर, ती रिकामी असेल तर स्पष्ट संदेश देऊन ॲप्लिकेशन थांबवा. संदेशात कुठल्या इंटरफेसचा प्रोव्हायडर मिळाला नाही आणि मॉड्यूल-पाथवर काय काय होतं हे दोन्ही छापा. हीच तपासणी बिल्डमध्ये, तयार झालेल्या इमेजवर एकदा चालवून घ्या. आयडीईमधल्या टेस्ट हिरव्या असल्या तरी ही वेगळी लागते, कारण टेस्टच्या वेळी बिल्ड टूल स्वतःच काही पॅकेजं उघडून देतं आणि तिथे सगळं सुरळीत दिसतं.